पुरात बुडालेल्या क्वालिसचा पुली बोल्ट

क्वालिसच्या इंजिनाखाली पुढच्या बाजूला तेलाचा डाग पडायला लागला तेव्हा माझा पहिला संशय चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, पॅकिंगवर होता. ते स्वस्तातलं काम. पण मेस्त्रींनी खाली शिरून बॅटरी मारली, टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बाहेर येऊन ते बोट माझ्यासमोर धरलं. काळं, पातळ, ताजं तेल.

"चेंबर नाही. क्रँकचं पुढचं सील गेलंय. आणि हे तेल आत बेल्टवर उडतंय."

क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा; सील म्हणजे त्याच्याभोवती तेल अडवणारं कडं. टोयोटाचं हे टू-एल इंजिन. २,४४६ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. क्वालिस आपल्याकडे २००० साली आली आणि २००५मध्ये इनोव्हासाठी तिला बाजूला केलं. आमची त्या शेवटाकडच्या काळातली. जुन्या मेस्त्रींचा या इंजिनावर जीव असतो, कारण यात जे काही आहे ते डोळ्यांना दिसतं. एक गोष्ट मात्र रबराची, आणि ती नेमकी सगळ्यात नाजूक जागी: टायमिंग बेल्ट. व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप, दोन्ही तोच फिरवतो. त्याला तेल लागत राहिलं की रबर फुगतं, मऊ पडतं, दात सोलवटतात. बेल्ट तुटला तर पिस्टन वर येताना उघडा व्हॉल्व त्याच्या वाटेत सापडतो आणि खर्च थेट हेडपर्यंत जातो. त्यामुळे सील बदलायचं आणि त्याबरोबर बेल्टही, यावर चर्चेची गरजच पडली नाही.

चर्चा झाली ती पुलीवर. सील असतं ऑइल पंपाच्या तोंडात, त्याच्यापुढे टायमिंगची दातेरी पुली, तिच्यापुढे कव्हर आणि सगळ्यात पुढे ती मोठी पुली, जिच्यावर फॅनचा आणि एसीचा बेल्ट फिरतो. ही पुली क्रँकच्या नाकावर मधोमध एका जाड बोल्टाने आवळलेली असते. गाडीतला हा बहुधा सगळ्यात घट्ट बोल्ट, आणि त्याला कारण आहे. डिझेलचा क्रँक एका चालीने फिरत नाही. प्रत्येक सिलिंडर पेटला की त्याला हिसका बसतो, मग तो मंदावतो, मग पुन्हा हिसका. पुली आणि क्रँक यांच्यामध्ये एक छोटी चावी असते, पण ती फक्त जागा दाखवायला. खरी पकड बोल्टाच्या दाबाची. तो दाब कमी पडला तर पुली चावीवर डुलायला लागते, खाच रुंदावते, आणि मग बदलावा लागतो तो क्रँक. म्हणून कंपन्या हा बोल्ट चढवताना हात आखडता घेत नाहीत.

आमच्या बोल्टाची कथा त्याहून जरा पुढची. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं तेव्हा गाडी बाजाराजवळच उभी होती. पाणी बॉनेटच्या वर गेलं, ओसरल्यावर आत गाळ सोडून गेलं. त्यानंतर गावातल्या प्रत्येक गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली होती आणि जो तो इंजिन फिरतं करायच्या मागे. ऑइल बदला, डिझेलची टाकी धुवा, स्टार्टर उघडा, अल्टरनेटर सुकवा, वायरिंगचे सॉकेट एकेक करून पुसा. पुलीच्या बोल्टाकडे बघायचं तेव्हा कुणाला काही कारण नव्हतं. तो तसाच गाळ खाऊन बसला, आणि वर कोकणातले पावसाळे.

रेडिएटर, फॅन, त्याचं कव्हर, पुढचे बेल्ट हे सगळं सकाळीच निघालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. रेडिएटर गेल्यावर समोर ऐसपैस जागा झाली आणि पुली पहिल्यांदा नीट दिसली. बोल्टाच्या डोक्यावर गंजाचे पापुद्रे आलेले. मेस्त्रींनी तारेच्या ब्रशने ते डोकं चकचकीत होईपर्यंत घासलं, मग कोपरे बोटाने चाचपले. "कोपरे शाबूत आहेत. हे नशीब."

सॉकेट निवडताना त्यांनी बारा कोनांचा बाजूला टाकला आणि सहा कोनांचा घेतला. बारा कोनांचा सॉकेट पटकन बसतो, पण तो बोल्टाला फक्त कोपऱ्यांवर धरतो. सहा कोनांचा सपाट बाजूंवर दाब देतो. या बोल्टाचे कोपरे गोल झाले तर पुढे वेल्डिंगने नट चिकटवण्यापासून ड्रिल मारण्यापर्यंतचे सगळे वाईट मार्ग उघडतात, आणि तेही क्रँकच्या तोंडावर.

पहिला प्रयोग सगळे करतात तोच. गाडी पाचव्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, माझा भाचा आत बसून पायातला ब्रेक दाबून, आणि बाहेर सॉकेटला टॉमी (फिरवायचा लोखंडी दांडा), टॉमीवर पाइप. पहिला गिअर का नाही, असं भाच्याने विचारलं. पहिल्या गिअरमध्ये क्रँकचा जोर चाकापर्यंत जाताना कितीतरी पट वाढतो, म्हणजे ब्रेकला तेवढा जास्त जोर थोपवावा लागतो. शिवाय चाकापाशी बोटभर ढील असेल तर क्रँकवर ती वाढून दिसते. वरच्या गिअरमध्ये दोन्ही गोष्टी कमी होतात.

मेस्त्रींनी पाइप दाबला. पाइप चांगला वीतभर खाली गेला. भाचा आतून ओरडला, "सुटला!" मेस्त्रींनी हात काढला आणि पाइप शांतपणे परत जागेवर आला.

बोल्ट तसूभरही हलला नव्हता. हलली होती मधली सगळी साखळी: क्लचप्लेटमधल्या स्प्रिंगा, गिअरबॉक्समधला दातांचा खेळ, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शिअल, आणि शेवटी टायरचं रबर. मीटरभर पाइपच्या टोकाला ५० किलोचा जोर लावला की बोल्टावर सुमारे ५०० न्यूटन मीटर येतात. आकडा दणदणीत आहे. पण तो जोर बोल्टापाशी एका क्षणात उभा राहत नव्हता, हळूहळू गाडीभर पसरत होता. जाम बोल्टाला हे मानवत नाही. त्याला अचानक, कडक झटका लागतो. झटका देऊ म्हटलं तर क्रँकच मागे सरकतो.

ही गोष्ट मला त्या वेळी डोळ्यांसमोर दिसली आणि तिथून पुढे माझं लक्ष बोल्टावरून उडून क्रँकवर गेलं. मेस्त्रींचं मात्र बोल्टावरच होतं. इथे आमचं थोडं वाजलं.

त्यांचा पुढचा उपाय हवेची गन. हा उपाय तत्त्वाने बरोबर आहे. गन आत हातोड्यासारखे बारीक, जलद घाव घालते, आणि घाव इतका छोटा असतो की क्रँक आणि त्याच्या मागच्या टोकाचं जड चाक, फ्लायव्हील, यांचं वजनच त्याला थोपवून धरतं. गिअर-ब्रेकची गरज पडत नाही. पण गॅरेजमधली गन अर्ध्या इंचाची (सॉकेट बसतो तो चौकोन तेवढा), कॉम्प्रेसर पंक्चरच्या कामाचा, आणि पाइप बारीक, लांब, मध्ये जोड दिलेला. काट्यावर दाब दिसत होता, पण गन चालू केली की हवा पुरेशी येतच नव्हती. त्यात सॉकेट आणि गन यांच्यामध्ये एक लांब एक्स्टेन्शन. घावाचा बराचसा भाग त्या सळईच्या पिळात जिरतो. एक्स्टेन्शन काढून, आखूड जोड लावून पुन्हा मारून बघितलं. आवाज बदलला, जरा भरीव झाला. बोल्ट तिथेच.

हायवेवरच्या टायरवाल्याकडे ट्रकच्या नटांची एक इंची गन असते. ती आणू, असं कुणीतरी सुचवलं. एक इंचावरून पाऊण, पाऊणवरून अर्धा, असे अडॅप्टर लावत जायचं म्हणजे प्रत्येक जोडात थोडी ढील, आणि शेवटचा अर्ध्या इंचाचा सॉकेट त्या गनसमोर टिकेल याची खात्री नाही. मेस्त्रींनी स्वतःच मान हलवली. "बोल्ट तुटला तर तुमच्या घरचे मला शिव्या देतील."

मग त्यांनी तो उपाय काढला जो प्रत्येक गॅरेजमध्ये कधी ना कधी निघतोच. टॉमी चासीला टेकवायची आणि स्टार्टर मारायचा. समोरून बघितलं तर हे इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं आणि बोल्ट उलट दिशेला सुटतो. म्हणजे टॉमी क्लीनरच्या, म्हणजे गाडीच्या डाव्या, बाजूला चासीवर टेकवली की स्टार्टर क्रँकला पुढे ढकलतो, टॉमी अडते, बोल्ट जागेवर राहतो आणि क्रँक त्याच्यापासून सुटतो. युक्ती चोख आहे. मी स्वतः एका जीपवर हे होताना बघितलंय, एका टिचकीत बोल्ट मोकळा. पण त्यात अटी आहेत. इंजिन त्याच दिशेने फिरणारं हवं. होंडाची बरीच जुनी इंजिनं उलटी फिरतात, तिथे असं केलं तर बोल्ट आणखी आवळला जाईल. दुसरं, डिझेल इंजिन चुकून सुरू होता कामा नये. पेट्रोलला प्लगच्या वायरी काढल्या की झालं. इथे डिझेल पंपावरच्या, डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढावी लागते, आणि ती काढूनही पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिनाने एक-दोन ठोके घेतले तर? तिसरं, टॉमी निसटली तर ती कुठे जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं.

"मी हे किती वेळा केलंय," मेस्त्री म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"मेस्त्री, गंज नसलेल्या बोल्टावर केलंय. हा पुरात बसलेला आहे. सॉकेट फुटला तर?"

ते गप्प राहिले. मग जरा रागानेच, "मग धरायचं कसं, ते तुम्हीच सांगा."

धरायचे आणखी दोन मार्ग माझ्या डोक्यात होते. स्कूटरवाले प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरतात. पिस्टन दोरीवर येऊन टेकतो आणि क्रँक थांबतो. या डिझेलमध्ये ते जमत नाही, कारण ग्लो प्लगचं (थंड इंजिन सुरू करताना तापणाऱ्या प्लगचं) भोक थेट सिलिंडरमध्ये उघडत नाही. इंधन आधी हेडमधल्या एका छोट्या गोल खोलीत पेटतं, ग्लो प्लग त्या खोलीत असतो, दोरी तिथेच गुंडाळून बसेल. दुसरा मार्ग, स्टार्टर मोटर काढून त्या भोकातून फ्लायव्हीलच्या दातांत पहार अडकवायची. हे चालतं. पण सगळा जोर एका-दोन दातांवर आणि फ्लायव्हीलवरच्या कव्हरच्या, बेल हाऊसिंगच्या, ॲल्युमिनियमच्या कडेवर येतो. दात तुटला तर गिअरबॉक्स उतरवा, फ्लायव्हील काढा. सीलसाठी एवढं कोण करणार.

पुलीला बाहेरून साखळीने किंवा पट्ट्याने धरणं तर मी सुरुवातीलाच नको म्हटलं होतं. बऱ्याच डिझेल इंजिनांच्या पुलीत आतला भाग आणि बाहेरचं कडं यांच्यामध्ये रबर असतं, हिसके शोषायला. कडं धरून आत जोर लावला तर ते रबर सरकतं किंवा फाटतं. वरून काही दिसत नाही, आणि मग काही महिन्यांनी पुली डगडगायला लागते.

उत्तर सापडलं ते पुली पुसताना. मी नुसताच चिंधी घेऊन तिच्या तोंडावरची काजळी काढत होतो, हाताला चाळा म्हणून. बोल्टाच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, दोन गोल ठसे दिसले. आधी वाटलं ओतकामाच्या खुणा असतील. दाभणाने टोचलं तर आतून पिवळट, वाळून दगड झालेला गाळ निघाला. पुराचाच. उकरत गेलो तशी भोकं खोल होत गेली, आणि बॅटरी मारली तर आत आटे.

टोयोटाने पुली धरायची सोय पुलीतच करून ठेवली होती. या भोकांत दोन बोल्ट चढवून त्यांना एक दांडा जोडायचा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यासाठी तयार हत्यार असतं. पुली ओढून काढायलाही हीच भोकं कामाला येतात. मेस्त्रींनी वाकून बघितलं, स्वतः दाभण घेतलं आणि दुसरं भोक साफ केलं. "आयला," एवढंच म्हणाले. राग तिथेच संपला.

मग मी हार्डवेअरच्या दुकानात आणि भाचा फॅब्रिकेशनवाल्याकडे. आटे जुळवून दोन बोल्ट घेतले, डोक्यावर १०.९, म्हणजे जास्त मजबुतीची खूण, कोरलेले; साधे बोल्ट इथे चालणार नाहीत, कारण सगळा जोर त्या दोघांवर आडवा येणार. लांबी मोजून घेतली. लांब बोल्ट पुलीच्या पाठीमागून बाहेर येऊन टायमिंग कव्हरमध्ये घुसला असता. फॅब्रिकेशनवाल्याने ५० बाय १० मिलिमीटरची लोखंडी पट्टी कापली, साधारण मीटरभर. जीपच्या जुन्या पाट्याचं (स्प्रिंगचं) पान वापरू, असं त्याचं म्हणणं होतं, फुकटात मजबूत. पण पाट्याचं पोलाद इतकं कडक असतं की त्याला भोक पाडताना ड्रिलची पाती जातात. साधं लोखंड बरं. पट्टीच्या एका टोकाला दोन भोकं बोल्टांसाठी आणि मधोमध एक मोठं, सॉकेट आरपार जाण्यासाठी. मोठं भोक त्याने गॅसने कापलं, कडा ओबडधोबड, पण सॉकेट फिरला म्हणजे झालं. मापासाठी आम्ही पुलीच्या तोंडावर पुठ्ठा दाबून काजळीचा ठसा घेतला होता, त्यामुळे भोकं पहिल्याच झटक्यात जुळली.

दरम्यान मेस्त्री स्वस्थ बसले नव्हते. बोल्टावर डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं होतंच. या फवाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही, निदान या जागी तरी. बोल्ट आडवा आहे, डोक्याखाली जाड वॉशर दाबून बसलेला, आटे त्याच्या मागे क्रँकच्या आत. तेल तिथवर पोचायला वाट कुठे? मेस्त्रींचं उत्तर होतं गॅस.

आधी त्यांनी आजूबाजूचं सगळं तेल पुसून घेतलं, खाली ओलं पोतं पसरलं, वाळूची बादली शेजारी ठेवली. सील आणि बेल्ट जाणारच होते, म्हणून त्यांची काळजी नव्हती. प्लॅस्टिकच्या कव्हरपुढे मात्र पत्र्याचा तुकडा धरला. ज्योत बारीक करून फक्त बोल्टाच्या डोक्यावर, गोल गोल फिरवत. लाल करायचा नाही, नुसता कडक तापवायचा. मग बाजूला होऊन त्यांनी एक मेणबत्ती घेतली आणि तिचं टोक डोक्याच्या कडेला टेकवलं. मेण वितळून वॉशरच्या फटीत ओढलं गेलं, थोडा धूर निघाला. वितळलेलं मेण फवाऱ्यातल्या तेलापेक्षा बारीक फटीत शिरतं, असं ते म्हणतात. आणि गार होताना बोल्ट आकसतो तेव्हा ते आत खेचलं जातं. हे किती खरं आणि किती गरमीचं श्रेय मेणाला, यावर मी वाद घातला नाही.

गरम करण्याचं खरं कारण नंतर बाहेर आलं.

बोल्ट हात लावण्याइतका निवला. पट्टी पुलीवर चढवली, दोन बोल्ट आवळले. इथे दिशा नीट बघावी लागते. बोल्ट सोडताना क्रँक समोरून बघता घड्याळाच्या उलट फिरायला बघतो, म्हणजे पट्टी ड्रायव्हरच्या बाजूला ठेवली तर तिचं टोक खाली दाबलं जातं. ते आम्ही चासीच्या जाड भागावर टेकवलं, मध्ये लाकडाची फळी. ब्रेक नको, गिअर नको. गाडी न्यूट्रल केली. आता क्रँक आणि चासी यांच्यामध्ये फक्त १० मिलिमीटरचं लोखंड.

मेस्त्रींनी शेजारच्या ट्रकच्या गॅरेजमधून पाऊण इंची दांडा आणि त्याचा सॉकेट मागून आणला. अर्ध्या इंचाची टॉमी अशा कामात वाकते, आणि तिच्या वाकण्यात पुन्हा तोच झटका जिरतो. सॉकेट पट्टीच्या भोकातून बोल्टावर बसवला. त्याला आखूड एक्स्टेन्शन लावून दांडा बंपरच्या पुढे आला, आणि त्या एक्स्टेन्शनखाली, अगदी दांड्याच्या मुळाशी, एक घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावून उंची जुळवली. ही घोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याशिवाय पाइपवर जोर दिला की सॉकेट फिरण्याआधी तिरका होतो, बोल्टाच्या डोक्यावर अर्धाच पकडतो, आणि कोपरे जातात ते असे. घोडीवर टेकल्यावर सगळा जोर नुसता पिळायच्या कामी येतो.

पाइप क्लीनरच्या बाजूला आडवा ठेवून वर उचलायचा, असं ठरलं. खाली दाबताना अंगाचं वजन टाकता येतं हे खरं, पण बोल्ट सुटला की माणूस पाइपसकट जमिनीवर. उचलताना पाय रोवलेले असतात, आणि सुटला तर हात वर जातात एवढंच. तोंड पाइपच्या रेषेत न ठेवणं हे अर्थातच.

भाचा म्हणाला, "मामा, मी उचलतो." मेस्त्रींनी त्याला मागे सारलं. "पोरा, तू पट्टी बघ. फळी सरकली तर ओरड."

त्यांनी आधी पाइप नुसता वर घेऊन ताण दिला. काही म्हणजे काही हललं नाही. तो वीतभराचा झोका नाही, ती लवचीक हूल नाही, भिंतीला ढकलल्यासारखं. मेस्त्रींनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मग त्यांनी पाय बदलले, श्वास घेतला आणि एक हिसका.

कडाक! लाकूड मोडावं तसा आवाज, इतका मोठा की शेजारच्या गॅरेजमधला पोरगा डोकावला. मला वाटलं बोल्ट तुटला. मेस्त्रीही जागीच थांबले. त्यांनी हळूच पाइप आणखी थोडा उचलला. जड, कुरकुरत, पण एकसारखा फिरत होता. तुटलेला बोल्ट असा फिरत नाही. तो एकदम हलका होतो.

पूर्ण बाहेर काढायलाही घाई केली नाही. एक वळसा सोडायचा, अर्धा परत घ्यायचा, फवारा मारायचा, पुन्हा सोडायचा. गंजाचा चुरा आट्यांत अडकला तर सुटत आलेला बोल्टही मध्येच पकडतो आणि आटे ओढून घेऊन येतो. हाताने फिरायला लागला तेव्हा मेस्त्रींनी दांडा बाजूला ठेवला.

बाहेर आल्यावर कळलं की आम्ही कशाशी झुंजत होतो. डोक्याजवळच्या भागावर तपकिरी गंज, तो पुराचा. पण पुढच्या आट्यांमध्ये लालसर, वाळलेली, खडूसारखी पूड भरलेली. लॉकटाइट, आटे चिकटवून ठेवणारा गोंद. मागे कधीतरी, पुराच्या आधी, दुसऱ्या गावात बेल्ट बदलला होता. तिथे कुणीतरी सढळ हाताने लाल लॉकटाइट लावून वर गनने आवळलं असणार. लाल जातीचं लॉकटाइट नुसत्या जोराला दाद देत नाही. २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं तर ते मऊ पडतं. मेस्त्रींच्या गॅसने तेच काम केलं असावं, निदान डोक्याजवळच्या आट्यांपुरतं. मेण की गॅस हा वाद माझ्यापुरता तिथे मिटला. मेस्त्री अजून मेणाच्याच बाजूने आहेत.

पुली त्याच दोन भोकांत पुलर लावून निघाली, फारशी कुरकुर न करता. चावी शाबूत, क्रँकची खाच शाबूत. टायमिंग कव्हर उघडल्यावर बेल्ट तेलाने निथळत होता, आणि त्याच्या खालच्या अंगाचे दात नखाने दबत होते. सील उकरताना मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, क्रँकवर ओरखडा नको म्हणून. जुन्या सीलच्या ओठाने क्रँकवर एक पुसटशी रेघ उमटवली होती; नवं सील त्यांनी केसभर कमी आत बसवलं, म्हणजे त्याचा ओठ ताज्या जागेवर येईल.

बेल्ट चढवणं हे या इंजिनात शांत डोक्याचं काम आहे, अवघड नाही. क्रँक, कॅम आणि डिझेल पंप, तिघांच्या खुणा जुळवायच्या, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर त्याच्या स्प्रिंगवर मोकळा सोडायचा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा, तोही फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने, आणि खुणा पुन्हा जुळल्या की मगच टेन्शनर आवळायचा.

बोल्ट मी नवाच घेतला. जुन्याचे आटे घासून वापरता आले असते, मेस्त्री तसं म्हणालेही. पण ज्या बोल्टाने एवढा हिसका खाल्ला त्याच्यावर पुन्हा तेवढाच ताण टाकायचा? आवळताना लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यात जातो. उरलेला सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात. आटे खराब असले की घर्षण वाढतं, टॉर्क पाना आकडा बरोबर दाखवतो, आणि पुली मात्र ढिलीच राहते. क्रँकच्या आतले आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ केले, सगळी लाल पूड हवेने उडवली, नव्या बोल्टाला इंजिन ऑइलचा हलका हात लावला. लॉकटाइट अर्थातच नाही.

आवळताना पट्टी उलट बाजूला न्यावी लागली. आता क्रँक काट्याच्या दिशेने फिरायला बघणार, म्हणून टोक क्लीनरच्या बाजूला चासीवर. टॉर्क पाना मेस्त्रींकडे होता, खोक्यात, तेल लावून ठेवलेला, कारण चाकाच्या नटांना ते कधीच वापरत नाहीत. पुस्तकातल्या आकड्यावर टक् झालं तेव्हा भाच्याने बोल्टापासून पुलीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. पुढे कधी बोल्ट सरकला तर रेघ तुटलेली दिसेल.

रेडिएटर भरून इंजिन चालू केलं, तापू दिलं, खाली पुठ्ठा पसरून ठेवला. पुठ्ठा कोरडा. दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट चढून पाटणपर्यंत जाऊन आलो, आल्यावर पुन्हा खाली बॅटरी मारली. कव्हरची कड कोरडी, पिवळी रेघ सरळ.

हिशेब द्यायला गेलो तेव्हा पट्टी मी गाडीत टाकली होती, घरी न्यायला. मेस्त्रींनी मागचं दार उघडून ती स्वतःच बाहेर काढली.

"ही इथेच राहू दे. गुहागरहून एक क्वालिस यायचीय, तिचंही सीलच गेलंय."

"आणि तिचं धरायचं कसं?"

"आता विचारताय होय," म्हणाले, आणि हिशेबातून पट्टीचे पैसे वजा केले.